चमकीपुरतं सोनं

चार मराठी माणसं मिळून एखादी वस्तू विकत घ्यायला निघाली, की वस्तूच्या आधी किस्से घरी येतात. आम्ही तर सोनं शोधायची हत्यारं घ्यायला निघालो होतो! दोन वर्षांत अमेरिकेत हर्नडनच्या आसपास आम्ही चौघांनी मिळून काढलेलं सोनं एका तिळावर मावेल. किस्से मात्र गराजमध्ये मावत नाहीत.

हो, व्हर्जिनियात सोनं आहे. खाणी कधीच बंद पडल्या, पण ओढ्यांच्या वाळूत अजून कण सापडतात. शनिवार-रविवारी हौशी लोक ते शोधत बसतात. आमचा ओढा दीड तासावर आहे. सोनं शोधायच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या वॉल्टर नावाच्या सत्तरीच्या गृहस्थांच्या बहिणीच्या शेतातून तो वाहतो आणि तिची परवानगी आहे.

तो तिळाएवढा कण सापडला मला. प्रकाशला नाही. आणि आमच्या मंडळाचं खरं दुखणं तेच आहे.

•

प्रकाश मेश्राम नागपूरचा, आमच्याच ऑफिसात टेस्टिंगला. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्याची आई सहा महिन्यांसाठी आली. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. मावशींच्या नाकात चमकीच्या जागी कडुलिंबाची बारीक काडी. भोक बुजू नये म्हणून.

चमकी प्रकाशच्या हॉस्टेलच्या वेळी विकली गेली. नोकरी लागल्यावर त्याने पहिल्या पगारात नवी आणली, ती डबीतच राहिली. मावशी म्हणाल्या, “इकतची काय, कोणीबी आणते.” बोलून गेल्या, विसरल्या. प्रकाश विसरला नाही.

“ताई, दुकानातलं नको. स्वतःच्या हातानं जमिनीतून काढीन, अन् आई परत जायच्या आत तिच्या नाकात घालीन. तिला आधी सांगायचं नाही हं!”

मी माझा कण देऊ केला. माणूस चक्क रागावला.

“तुमच्या हातचा आहे तो!”

एका चमकीला किती सोनं लागतं? मसुरीच्या डाळीएवढं. म्हणजे माझे कित्येक तीळ. सप्टेंबरअखेर मावशींचं विमान होतं.

•

आता हत्यारं. आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ वसंतकाका कुलकर्णी. पुण्यात सरकारी नोकरीतून रिटायर होऊन मुलीकडे आले आहेत. काकांनी मेटल डिटेक्टरची एक्सेल शीट केली. त्यात एकोणीस मॉडेल्स आणि त्रेचाळीस कॉलम!

एक कॉलम होता “हाताला होणारा त्रास”. तो भरण्यासाठी काका रोज सकाळी तूरडाळीची पिशवी काठीला बांधून, अर्धा तास हॉलमध्ये डावी-उजवीकडे फिरवत चालायचे. जावयाने घाबरून मला फोन केला, “मीनल, बाबा ठीक आहेत ना गं?”

आठ महिन्यांनी निर्णय झाला. आम्ही सगळे वाजतगाजत दुकानात गेलो. वॉल्टर म्हणाले, “सॉरी सर, ते मॉडेल गेल्या आठवड्यात बंद झालं.”

मला वाटलं, काका आता मटकन खाली बसणार. काकांचा चेहरा उजळला!

“उत्तम! म्हणजे शीट नव्याने करावी लागेल!”

•

नीलेश ठाण्याचा. त्याची पद्धत उलटी. आधी घ्यायचं, मग ते काय आहे ते वाचायचं. एका रात्रीत त्याने सगळ्यांत महागडा डिटेक्टर, कमरेचा पट्टा, फावडं, गुडघ्याचे पॅड, टोपी आणि बूट ऑर्डर केले. बॉक्स आले तेव्हा त्याची बायको म्हणाली, “लढाईला चाललायस का?”

पहिली ट्रायल त्याच्याच बॅकयार्डात. आम्ही खुर्च्या टाकून बसलो. डिटेक्टर सुरू केला आणि काय सांगू, वाजायचा थांबेना! नीलेशने खणलं, काही नाही. दोन पावलं पुढे गेला, पुन्हा वाजला. पुन्हा खणलं. असे सात खड्डे झाले.

“यार, इथे खाली नक्की खाण आहे!” नीलेश घामाघूम.

वसंतकाका चहा पीत शांतपणे बघत होते. म्हणाले, “नीलेश, एक सांगू? तू चाललास की खाणही चालतेय.”

बुटांच्या पुढच्या टोकात लोखंड होतं. बॉक्सवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, “स्टील टो”. त्याचसाठी त्याने ते जास्त पैसे देऊन घेतले होते.

खड्ड्यांत बायकोने मेथी पेरली. चांगली आली हो!

•

प्रकाशने मात्र एकच वस्तू घेतली. हिरव्या प्लास्टिकची, एका बाजूला आडव्या खाचा असलेली परात. तिला इंग्रजीत पॅन म्हणतात. वाळू घ्यायची, पाण्यात हलवायची, हलकं वाहून जातं, जड तळाला राहतं. बस्स. वॉल्टर म्हणाले, “दुकानातली ही सगळ्यात साधी वस्तू, आणि खरं सोनं हिनेच काढलंय.”

प्रकाश दर शनिवारी ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहायचा. मे गेला, जून गेला. कण नाही!

शेवटी वॉल्टर स्वतः बघायला आले. परातीत वाकून पाहिलं. पाण्यावर सप्तरंगी तवंग. त्यांनी विचारलं, “बेटा, तू सोनं धुतोयस की तळतोयस?”

झालं होतं असं, की मावशी दर शनिवारी आमच्याबरोबर तिखट पुऱ्या द्यायच्या. त्या खाल्ल्याशिवाय कोणी पाण्यात उतरत नसे. आणि बोटांना तेल असलं, की बारीक सोनं बुडत नाही. पाण्यावर तरंगत निघून जातं! आईच्या नाकातलं सोनं आईच्याच पुऱ्यांनी दोन महिने वाहून घालवलं होतं. प्रकाशचा चेहरा बघवत नव्हता.

तातडीची मीटिंग झाली. पुऱ्या बंद करायच्या असा ठराव मी मांडला. काका ताडकन उठले.

“मग मी मंडळ सोडतो!”

तडजोड झाली. आता काका पुऱ्या खाताना रबरी ग्लव्हज घालतात आणि वाळू धुताना काढून ठेवतात. येणारेजाणारे अमेरिकन बघत राहतात.

•

जुलैत काकांनी अखेर डिटेक्टर घेतला. कुठला? त्रेचाळीस कॉलममध्ये जो शेवटून दुसरा आला होता तो. कारण काकूंना रंग आवडला.

त्याची परीक्षा घ्यायला आम्ही मराठी मंडळाच्या पिकनिकच्या पार्कात गेलो. तिथे खणायला परवानगी लागते. काकांनी ती काढली आणि लॅमिनेट करून गळ्यात घातली.

एका झाडाखाली डिटेक्टर जोरात वाजला. खणलं तर स्टीलचा चमचा. बाजूला अजून एक. मग अजून. एकूण अकरा! पाण्याने धुतले तर प्रत्येकावर नाव कोरलेलं: सौ. सुनंदा व. कुलकर्णी.

सुनंदाकाकू म्हणजे काकांच्याच सौभाग्यवती. हे चमचे चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या पिकनिकला हरवले होते. ते पाटणकर काकूंनी नेले या खात्रीने काकू चार वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हत्या. पोरांनी त्याच चमच्यांनी तिथे मातीचा किल्ला केला होता, ते त्या दिवशी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

काकांनी उत्साहाने काकूंना फोन लावून स्पीकरवर टाकला. “अगं, तुझे चमचे सापडले! अकराच्या अकरा!”

मग काकूंनी हळूच विचारलं, “पाटणकरीण आहे का तिथे?”

“नाही.”

“मग आहेत तिथेच परत पुरा!”

•

ऑगस्टमध्ये प्रकाश सकाळी सातला माझ्या दारात. हातात काचेची बाटली, तिच्या तळाशी चमचाभर पिवळं झगमगतंय! डोळ्यांत पाणी. मी सुद्धा रडायला लागले. गाडी घेऊन आलेल्या नीलेशने फोटो काढून इंडियाला पाठवला आणि दहा मिनिटांत ठाण्याहून त्याच्या सासूबाईंचा मेसेज आला, “आमचा सोनार घडणावळ कमी घेतो.”

ओढ्यावर वॉल्टरनी बाटली हातात घेऊन एकदाच हलवली. ते पिवळं सगळं पाण्यात भिरभिरलं आणि बराच वेळ खाली बसेना.

“अभ्रक,” ते म्हणाले. “दिसायला छान असतं.”

परतीच्या दीड तासात गाडीत पुऱ्यांचा डबा कोणी उघडला नाही. काकांनी सुद्धा नाही. मला त्या पोराचं फार वाईट वाटलं, खरंच. महिना राहिला होता.

•

शेवटचा शनिवार. सोमवारी मावशींचं विमान. त्या दिवशी त्या स्वतः आमच्याबरोबर ओढ्यावर आल्या. बाल्कनीत त्यांनी एक मोगरा लावला होता. त्याच्या कुंडीसाठी नदीची वाळू आणायला जातोय, असं प्रकाशने त्यांना सांगितलं होतं. सोन्याचं कोणी अवाक्षर काढायचं नाही, अशी आम्हाला ताकीद होती.

मावशी झाडाखाली घडीच्या खुर्चीत बसल्या. आमचं सामान बघून हसल्या. “बाई बाई, एका कुंडीसाठी इतकं!”

वॉल्टरनी प्रकाशला एक जागा दाखवली होती. वळणावर मोठा दगड, त्याच्या खाली खडकाची चीर. “असेल तर इथेच असेल,” म्हणाले होते. सकाळभर प्रकाशने पहारीने तो दगड सरकवला. मग पोटावर पडून, चमच्याने, चिरेतला सगळा गाळ खरवडून काढला. जेमतेम अर्धी बादली भरली. त्याने ती दोन्ही हातांनी उचलून सावलीत, आईच्या खुर्चीजवळ ठेवली. बाजूला हिरवी परात.

“आता हळूहळू, एकेक मूठ,” तो मला म्हणाला. “आधी साबणानं हात धुतो.”

तेवढ्यात वरच्या अंगाने आरडाओरडा ऐकू आला. नीलेशने त्या दिवशी पंपावर चालणारं नवं यंत्र आणलं होतं. ते घेऊन तो कमरेपर्यंत चिखलात रुतला होता! यंत्र सुरू, नीलेश बंद! आम्ही तिघं धावलो. काकांनी दोर टाकला, प्रकाशने ओढलं, मी ओरडले. अर्ध्या तासाने नीलेश निघाला. त्याचा एक बूट अजून तिथेच आहे.

परत आलो तर बादली रिकामी.

मावशी पाण्याच्या कडेला उकिडव्या बसून परात धूत होत्या. शेजारी त्यांच्या जुन्या ओढणीवर वाळू पसरून ठेवलेली. काय वाळू होती! रव्यासारखी. एक काडी नाही, एक खडा नाही.

“आई...” प्रकाशने रिकामी बादली उचलून आत बघितलं.

“सारी रोळली,” मावशी खूश होऊन म्हणाल्या. “तांदूळ रोळतो ना, तशी. पाण्यासंगं वरची वाळू ओढणीवर घेतली, खालचा गाळ टाकून देल्ला. तुमच्यानं दिवसभर झालं नसतं, पोट्ट्यांनो!”

ओढ्याचं पाणी जोरात वाहत होतं.

प्रकाशने खूप हळू विचारलं, “आई, खाली काय राहिलं होतं?”

“काळी काळी रेती. अन् एक पिवळा खडा होता, मसुरीच्या डाळीएवढा. मोठा चिकट बाप्पा! किती हलवलं तरी जागचा हालेना. शेवटी नखानं काढला अन् दूर फेकला, तिकडं, पान्याच्या मधात.”

“फेकला?”

“मग कायले ठेवू?” मावशींनी ओढणीची चारी टोकं उचलून नीट गाठ मारली आणि ते गाठोडं लेकाच्या हातात दिलं. “मोगऱ्याच्या मुळाले टोचला असता ना!”