पिकअप एवढं पेट्रोल का पीत होती

जे पुढे लिहिते आहे ते मी अजून कुणासमोर उच्चारलेलं नाही. मिलिंदसमोरही नाही — मिलिंद माझा नवरा, माझ्या कुठल्या दाढेत फिलिंग आहे हेही ज्याला ठाऊक असतं. मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही मध्येच चहा टाकायला उठणार नाही म्हणून असेल. किंवा आधी कुणा तिऱ्हाइताला सांगून बघावं, आवाज फुटतो का ते पाहावं, म्हणून. फुटतो आहे असं दिसतंय. बरं वाटतंय.

बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घातली की ही एका गाडीची गोष्ट आहे. गाडी पेट्रोल फार पीत होती, गाडी विकली, संपलं. पण ही गाडीची गोष्ट नाहीच. एका सरळ माणसावर चोरीचा संशय आला, आणि तो चोर नाही हे पक्कं माहीत असलेली त्या खोलीत एकच बाई होती. ती चहाचे कप गोळा करत होती.

सुरुवातीपासून सांगते. नाहीतर मी पुन्हा गाडीवरच घसरेन.

इंग्लंडात, लेस्टरमध्ये आमचं ढोल-ताशा पथक आहे. गणपतीची मिरवणूक, कुणाचं लग्न, कौन्सिलचा एखादा मेळा — बोलावलं की आम्ही जातो. लीड्सला गेलोय, एजवेअरला गेलोय. पूर्वी ढोल न्यायचे म्हणजे जमतील तेवढ्यांच्या गाड्या, मागच्या सीट पाडलेल्या, आणि मोटरवेवर ड्रायव्हरच्या मानेला टेकलेला ढोल. मग शेखरने पिकअप शोधून काढली. शेखर म्हणजे मिलिंदचा कॉलेजपासूनचा मित्र. पुण्याहून दोघं बरोबरच इकडे आले. दिवसा कॉम्प्युटरवर काम आणि उरलेला सगळा जीव गाड्यांत. सफोकच्या बाजूला अमेरिकन हवाई दलातला एक माणूस मायदेशी परतत होता, त्याची ही गाडी. स्टिअरिंग उलट्या बाजूला, बॉनेटवर पंगत बसेल एवढी रुंद, आणि मागे बिल्ला — फ्लेक्स फ्यूएल. म्हणजे साध्या पेट्रोलवरही चालते आणि जवळजवळ निव्वळ इथेनॉलवरही. तसलं इथेनॉल आमच्याकडच्या कुठल्याच पंपावर मिळत नाही, त्यामुळे त्या बिल्ल्याचा आम्हाला उपयोग शून्य. तरी शेखर तो रुमालाने पुसायचा. "आपण नॉर्मल पेट्रोल टाकायचं. साइझच्या मानाने ॲव्हरेज चांगलं देते, ट्रस्ट मी," असं त्याने मीटिंगमध्ये सांगितलं, आणि पथकाने त्याच्या शब्दावर गाडी घेतली.

ती आमच्या ड्राइव्हवेवर उभी राहू लागली, कारण शेखर फ्लॅटमध्ये राहायचा आणि ढोल-ताशे आमच्या गॅरेजमध्ये होते. एक किल्ली शेखरकडे. दुसरी माझ्या किचनमध्ये, हुकवर.

आता ताशांचं सांगायला हवं — कारण खरी मेख तिथे आहे.

मी ताशा वाजवते. ताशावर पूर्वी बकऱ्याचं कातडं ताणत, आता बहुतेक ठिकाणी फायबर असतं. कातडं दमट हवेत सैल पडतं, सादळलेल्या पापडासारखं होतं. मग ते शेकावं लागतं. आमच्या आळीत रस्त्याच्या कडेला कागदांचा जाळ करून ताशे शेकायचे, मी लहानपणापासून पाहिलंय. शेखर म्हणाला होता, "अनू, हे ब्रिटिश वेदर आहे. फायबर घे ना, कटकट नको." बरोबर बोलत होता. मला बरोबर आहे हे कळतही होतं. पण सगळ्यांसमोर बोलला — आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले की कातडं ताणायची एक रीत असते, ज्याला ती येते त्याला ताशा शेकावा लागत नाही.

अशी काही रीत नसते.

का म्हणाले? हॉस्पिटलमध्ये मी एक्स-रे काढते. तिथे माझ्यासारख्या पुष्कळजणी आहेत, मी नसले तर ड्यूटीच्या रोटामध्ये दुसरं नाव येतं. पण ताशाची काडी हातात घेतली की इथेच जन्मलेली, मराठी अडखळत बोलणारी पोरं-पोरी "अनूताई, माझा हात बघ" करत भोवती जमायची. फायबरवर काय, कुणीही वाजवतं, असं मला वाटायचं. कातड्याची जाणकार म्हणून माझा मान होता. तो मला हवा होता, दुसरं काही नाही.

कातड्याचे ताशे पुण्याहून आले. पहिल्याच प्रॅक्टिसला त्यांनी मान टाकली. मी पोरांना म्हटलं, नवीन आहेत, मुरू देत. दुसऱ्या वेळी एक घरातल्या रेडिएटरला टेकवून ठेवला, तर कातडं एका बाजूने तडकलं. हेअर ड्रायरनेही तेच झालं असतं. घरात आणखी काही करायचं तर मिलिंद विचारणार, आणि मिलिंद फायबरवाल्यांपैकी. मग एका दुपारी शिफ्टवरून आले, बाहेर रिपरिप चालू, आणि ड्राइव्हवेवर ती अजस्र गाडी.

तुम्हाला आता कळलंच असेल ना?

मी ताशे सीटवर मांडले, गाडी सुरू केली आणि हीटर पूर्ण सोडला. चाकांवरची शेगडीच ती. चहूकडून सारखी ऊब, कातडं हळूहळू ताणत गेलं. मी मध्ये बसून एकेकावर टिचकी मारून बघत होते. संध्याकाळी हॉलमध्ये ताशांची तर्री, ती सलग कडकड, अशी उठली की ढोलवाले वाजवायचे थांबून बघत राहिले. शेखरने हात जोडले. "मानलं, अनू. आय टेक इट बॅक." आणि मी म्हणाले, रीत असते रे.

त्यानंतर दर प्रॅक्टिसच्या आधी हेच. दुपारभर गाडी जागेवर घुरघुरत उभी, आणि मी आत ताशांबरोबर. खरं सांगू, मला ते आवडायचंही. शेजारची मार्गारेट कुंपणावरून विचारायची, "बॅटरी अगेन, लव्ह?" आणि मी मान हलवायचे. पेट्रोलचा काटा खाली सरकलेला मला दिसत होता. ती गाडी उभ्याउभ्या किती पीत असेल, याचा विचार मी केला नाही. म्हणजे — येऊ लागला की दुसरीकडे बघत होते.

आणि मग शेखर काळजीत पडला. त्याची आपली पद्धत, टाकी काठोकाठ भरायची, पुन्हा भरताना मधल्या मैलांना लागलेल्या पेट्रोलने भागायचं. मैल जेमतेम हॉलपर्यंतचे, आणि पेट्रोल स्कॉटलंडला जाऊन आल्यासारखं. पोरं म्हणू लागली, फ्लेक्स फ्यूएल म्हणजे काहीही पिते आणि कितीही पिते. शेखर हसायचा, पण हसताना कान लाल व्हायचे. त्याने अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांचे फोरम वाचले. त्याचं म्हणणं असं पडलं की आपल्या पेट्रोलमध्ये थोडं इथेनॉल असतंच, गाडीचा कॉम्प्युटर ते मोजताना फसतो, पोटात निव्वळ इथेनॉल आहे समजून जास्त इंधन सोडत बसतो. असं त्या गाड्यांत होतंही म्हणे. त्याने महागाचं पेट्रोल टाकून पाहिलं. स्पार्क प्लग बदलले, सेन्सर बदलला. आमच्याच ड्राइव्हवेवर, पावसात, पाठीखाली प्लास्टिक घालून तो गाडीखाली झोपायचा आणि मी त्याला आल्याचा चहा नेऊन द्यायचे. काय म्हणायचं याला? मी अजून शब्द शोधते आहे.

शेवटी तो गाडी घेऊन गेला. काही दिवस आपल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये ठेवली, स्वतःचं पेट्रोल घातलं, आणि नाचतच परत आला. ॲव्हरेज आलं होतं, अगदी त्याने सांगितलं होतं तेवढं. नव्या सेन्सरने काम केलं, असं त्याने ग्रुपवर टाकलं. मिलिंदने त्याला मिठी मारली. मी म्हटलं, चला, सुटले. आता ताशे फायबरचे करून टाकू, काहीतरी कारण सांगू, कुणाला काही कळायचं नाही. असं मी खरंच ठरवलं होतं.

पण बेलग्रेव्ह रोडवरची मिरवणूक तोंडावर आली होती आणि पाऊस थांबत नव्हता. ताशे पार बसले होते. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. इथे नीट ऐका, कारण आधीचं सगळं मूर्खपणात जमा करता येईल, हे नाही. त्या दुपारी मला सगळं माहीत होतं. आज मी किल्ली फिरवली तर शेखरचं ॲव्हरेज पुन्हा कोसळणार आणि तो तोंडघशी पडणार, हे गाडीत बसून मी मनात स्पष्ट म्हटलं. आणि किल्ली फिरवली. मिरवणुकीपर्यंत रोज फिरवली.

मिरवणूक छान झाली.

त्यानंतरची मीटिंग आमच्याच घरी होती. पथकाचा खजिनदार मिलिंद. त्याचा स्वभाव मवाळ आहे, तो हिशेबाचे कागद चाळत, अडखळत म्हणाला, "शेखर, आय ॲम नॉट अक्यूझिंग यू. पण तू स्वतःच्या खर्चाने चालवलीस तेव्हा गाडी चांगलं देते. पथकाच्या पैशाने तू भरतोस, तेव्हाच पेट्रोल जातं. मी काय समजू?" पंपावर टाकीबरोबर घरचा कॅनही भरता येतो, असं कुणीतरी म्हणालं. कुणी म्हणालं, गाडीही यानेच आणली होती. खोलीत एकदम गार वाटलं.

शेखर चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "अनू, गाडी तुझ्या दारात असते. तू कधी काही पाहिलंस?"

बघा, त्याने मला दरवाजा उघडून दिला होता. मी कप ट्रेमध्ये ठेवत म्हणाले, "नाही रे. मी कशाला बघते तिकडे?"

त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली, बूट घातले आणि गेला. पुढे लीड्सला नोकरी घेतली. ढोल सोडला, असं ऐकलं. मिलिंद त्याच्याशी बोलेनासा झाला, आणि मिलिंदला दुसरा असा मित्र झाला नाही. दिवाळीला तो फोन हातात घेऊन नाव शोधतो आणि परत ठेवतो, मी पाहिलंय. गाडी एका झाडं तोडणाऱ्या माणसाला विकली. ताशे पुढच्या वर्षी मी फायबरचे केले. कारणही द्यावं लागलं नाही.

आता मार्गारेटच्या सिकॅमोरच्या झाडाची फांदी छपरावर आली म्हणून तिने माणूस बोलावला, आणि तो आला तोच मुळी त्या पिकअपमधून. आवाज मी किचनमधून ओळखला. मिलिंद बाहेर गेला, मीही गेले. मिलिंदने त्याला विचारलं, पेट्रोल फार पिते ना? तो माणूस बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "नो कम्प्लेंट्स, मेट. गुड ॲज गोल्ड."

मिलिंदने त्या बिल्ल्यावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मग आपल्याकडेच का पीत होती गं?"

मी म्हणाले, "काय माहीत." तेव्हाही!

परवा जेवताना म्हणाला, मी शेखरला फार बोललो का? मी केलेल्या गोष्टीचा दोष हा माणूस आता स्वतःकडे घेऊ लागलाय, आणि तोही मी घेऊ देणार का? म्हणून लिहायला बसले.

लिहून झालं. खांद्यावरून ढोल उतरवल्यावर वाटतं तसं वाटतंय, पट्ट्याचा वळ दुखतोय पण ओझं खाली आहे. मला वाटलं होतं रडू येईल. भूक लागली आहे.

मिलिंद खाली आहे, त्याला आधी वाचून दाखवणार. मग हेच शेखरला पाठवणार, आणि मग पथकाच्या ग्रुपवर टाकणार, कारण ज्यांच्यासमोर त्याचं नाव गेलं त्यांना कळायला हवं. परत ये, असं मी त्याला लिहिणार नाही. माफ कर, असंही नाही, तेही शेवटी मागणंच.

शेखर, गाडी तू म्हणाला होतास तेवढंच ॲव्हरेज देत होती. जुना सेन्सरही बरोबर होता. पेट्रोल मी जाळलं.