वीस वजा वीस

शाळेच्या बसमधल्या मावशी जात्याच संशयी. ब्रेक वेगळा वाजला तरी संशय, मुलं गप्प बसली तर दुप्पट संशय. चौदा वर्षं एकच काम: मुलं चढताना मोजायची, उतरताना मोजायची आणि तक्त्यावर 'आत उरलेले' या रकान्यात शून्य लिहायचं. पोरं त्यांना मोजणीमावशी म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"मावशी, शून्य म्हणजे काहीच नाही ना? मग लिहायचं कशाला?" पुढच्या सीटवरच्या दोन वेण्यांवालीने एका सकाळी विचारलं.

मावशींनी तक्त्यावरचा वीसचा आकडा दाखवला आणि त्यातल्या शून्यावर अंगठा ठेवला. "आता किती मुलं?"

"दोन!"

"मग बाकीची अठरा मी कुठे टाकली? तुमच्या आयांना काय सांगू?" पोरं खिदळली. "शून्य नसतं तर वीस आणि दोन सारखेच दिसले असते. आणि एकटं असलं तरी ते बोलतं. रकाना कोरा म्हणजे कुणी पाहिलंच नाही. शून्य म्हणजे पाहिलं, आणि खरंच कुणी नव्हतं."

शाळा आली. मुलं धडाधड उतरली. एकाची बाटली राहिली, तो परत चढला, परत उतरला. मोजणी बरोब्बर वीसवर थांबली.

"वीस चढले, वीस उतरले. लिहा शून्य, लावतो कुलूप," ड्रायव्हरकाका म्हणाले. बस आता दुपारपर्यंत उन्हात उभी राहणार होती.

मावशींच्या मनात पाल चुकचुकली. बाटलीवाल्याला आपण एकदा मोजलं की दोनदा?

"जरा थांबा."

"आता काय, गणितावरही संशय?"

"गणितावर नाही हो. माझ्या मोजण्यावर."

त्या एकेक सीट बघत मागे गेल्या. शेवटच्या सीटखाली वाकल्या. सगळ्यात धाकटा, नुकताच शाळेत यायला लागलेला पोरगा, दप्तरावर डोकं ठेवून गाढ झोपला होता. खिडक्या सगळ्या बंद होत्या.

मावशींनी त्याला अलगद उचललं. दाराशी येऊन त्यांनी तो झोपलेला जीव काकांच्या हातात दिला.

"धरा. हे आपलं शून्य. चांगलं पंधरा किलोचं आहे."