एव्हर्टचे मील

अंतराच्या बाबतीत एव्हर्ट स्त्रांडबेरी कुणाचं ऐकत नाही. हर्नोसांदच्या आमच्या लाकूड कारखान्यात तो ट्रकच्या फेऱ्या ठरवतो, मी हिशेब बघतो. कॉफीच्या सुट्टीत त्याचं पारायण ठरलेलं: अमुक गाव इतके मील, तमुक गाव तितके मील. आम्हा स्वीडिश लोकांचा मील दहा किलोमीटरचा. जगात दुसरा कुठला मील असू शकतो, हे एव्हर्टला मान्यच नाही.

त्याची एकुलती एक मुलगी सोल्वेग न्यूयॉर्कला असते. गेल्या वसंतात तिथेच तिचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाच्या जेवणात मुलीच्या बापाने उभं राहून भाषण करायचं असतं. तिने फोनवर बजावलं, "पपा, बाकी काही आणू नकोस. भाषण तेवढं घेऊन ये."

एव्हर्टने संगणकावर अंतर शोधलं. सापडलेलं पान परदेशी होतं, यंत्राने त्याचं कसंबसं स्वीडिश केलेलं. स्टॉकहोम ते न्यूयॉर्क तीन हजार नऊशे मील.

"म्हणजे एकोणचाळीस हजार किलोमीटर!" दालचिनीचा बन हवेत नाचवत तो आम्हाला म्हणाला. "विमान ताशी नऊशेने जातं. त्रेचाळीस तास अधांतरी! माझं हृदय काय भाड्याने आणलंय?"

"अरे, ते इंग्रजी मैल आहेत," मी म्हणालो. "दीड किलोमीटरहून जरासे मोठे. नऊ तासांत पोचशील."

"तू तुझे कराचे कागद भर. अंतरं मला शिकवू नकोस."

त्याची बायको गुनवोर आमच्याच पगार विभागात आहे. ती कप विसळता विसळता म्हणाली, "अरे शहाण्या, सगळ्या पृथ्वीचा घेर चाळीस हजार. तुझ्या हिशेबाने विमान जगाला वळसा घालणार आणि आपल्याच बटाट्याच्या वाफ्यात उतरणार!"

सगळे खो खो हसले. एव्हर्टनेही हसून तिकीट काढलं असतं तर विषय संपला असता. पण चारचौघांत चूक कबूल करायची म्हणजे त्याला दात काढून दिल्यासारखं वाटतं.

"पानावर लिहिलंय ते खोटं?" एवढं बोलून तो उठला. त्या दिवसापासून त्याचं हृदय खरोखरच दुखायला लागलं. डॉक्टरांना त्यात काही सापडलं नाही. ट्रकवाल्यांना ओरडतानाही ते कधी दुखलं नाही.

गुनवोर एकटीच गेली. सकाळी स्टॉकहोमहून निघाली आणि इथे एव्हर्ट रात्रीच्या जेवणाला बसायच्या आत तिचा फोन आला, पोचले म्हणून.

"मागून वारा मिळाला असणार," दुसऱ्या दिवशी तो आम्हाला म्हणाला. अमेरिकेला जाताना वारा समोरून येतो, हे मी त्याला सांगितलं नाही. मला माझे कराचे कागद भरायचे होते.

लग्न शनिवारी झालं. बापाच्या जागी गुनवोर उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि रडली. सोमवारी कॉफीच्या सुट्टीत एव्हर्टने खिशातून घडी केलेला कागद काढला, चमच्याने कपावर टकटक केलं आणि उभा राहिला.

"प्रिय सोल्वेग," तो वाचू लागला, "इतक्या लांबून आज मी तुझ्यासाठी आलो आहे..."

आमच्यापैकी कुणीच वर बघितलं नाही. त्याने मात्र भाषण शेवटपर्यंत वाचलं.