मोशीच्या माळावरची दगडी वर्तुळं

उत्खननाला गेलं की मडकी कमी आणि किस्से जास्त सापडतात. मडक्यांवर नंबर टाकून ती पेटीत जातात. किस्से मात्र आमच्याकडेच साठत राहतात.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मोशी-चिखलीच्या माळावर दगडांची वर्तुळं होती. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची थडगी. तिथे कारखाना यायचा होता, म्हणून खणायची घाई. आमचे साहेब, मी ड्राफ्ट्समन, जीपचे ड्रायव्हर इमामभाई आणि मोशीच्या मजूर कोंडाबाई, एवढाच गोतावळा.

*

जमिनीच्या मालकाला खात्री होती, आम्ही धन शोधतोय. रोज बांधावर येऊन बसायचा. एकदाचं अख्खं मडकं निघालं. त्याने वाकून आत पाहिलं. माती!

"एवढ्या लांबनं आलात, ते मातीत माती बघायला?"

*

एका सकाळी वर्तुळातला एक दगड गायब! सापडला मालकाच्या दारात. त्याची सून त्यावर धुणं आपटत होती.

साहेब अदबीने म्हणाले, "बाई, हा दगड अडीच हजार वर्षांचा आहे."

"तरीच झिजत न्हाई!"

बदली दगड इंद्रायणीतून मी आणि इमामभाईंनी वाहून आणला, तेव्हा कुठे वर्तुळातला दगड सुटला.

*

जेवताना साहेब ठिकठिकाणच्या थडग्यांचं सांगायचे. विदर्भात मोठमोठी वर्तुळं, कर्नाटकात फरशांच्या पेट्या, त्यांना गोल भोक. केरळात तर थडग्यावर दगडी छत्री!

"तिकडं पाऊस लई असंल," इमामभाई म्हणाले.

कोंडाबाई भाकरी मोडत म्हणाल्या, "जिथं जसा दगुड, तसं घर. मेल्यावर रीत बदलती व्हय?"

साहेबांनी जेवण सोडून वही काढली.

*

शेवटच्या वर्तुळात, एका रांजणात लहान मुलाची हाडं निघाली. कोंडाबाईंनी ब्रश खाली ठेवला.

"केवढं व्हतं?"

साहेबांनी दात पाहिले. "तीन वर्षांचं असेल."

हाडं पुण्याला न्यायच्या पेटीत गवत भरायचं काम कोंडाबाईंचं. त्या दिवशी त्यांनी गवतावर आपल्या लुगड्याचं धुतलेलं धडुतं अंथरलं.

आता, इमामभाई म्हणजे खड्डा आला तरी ब्रेक न लावणारा माणूस! पण त्या दुपारी जीप नुसती रांगत होती. भोसरीपाशी एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली. साहेबांना पुण्यात मीटिंग होती.

"इमामभाई, इंजिनात काही बिघाड?"

"न्हाई साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "लेकरू झोपलंय."