हळदीचा खांब

देवळ्याहून सकाळच्या एसटीने निघालो. नाशकात गोदाकाठी एका तीर्थोपाध्यायांच्या घरी जायचे होते. त्यांची सून मंजिरी कॉलेजात माझ्या वर्गात होती. "घर बघायचं असेल तर आजच ये. पुढे राहील की नाही, सांगता येत नाही," असे ती फोनवर म्हणाली होती.

गल्लीतून पाहिले तर ते घर एका काळाचे वाटतच नाही. जोते काळ्या दगडाचे. त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा (आडव्या लाकडांचा) सांगाडा. भिंतींत कुठे जुन्या पातळ विटा, कुठे नव्या जाड. माडीवर पत्रे. आत शिरताना चौकट कपाळाला लागली.

"नव्या माणसाला वाकायला शिकवते ती," मंजिरीचे सासरे अण्णा म्हणाले. पण हसले नाहीत.

कारण समोरच होते. माजघरातला मुख्य खांब खचला होता. पुराच्या पाण्यापासून वाचावा म्हणून अण्णांच्या वडिलांनी त्याला छातीपर्यंत सिमेंटने लिंपले होते. ओल आतच कोंडली. दुरुस्तीला बोलावलेल्या सुतार मिस्त्रींचे म्हणणे, किडलेला बुंधा कापून नवे लाकूड जोडू. अण्णांना ते मान्य नव्हते. या घरात लग्न असो की मुंज, पहिली तेल-हळद या खांबाला लागते.

"देवाला कापून जोडतात का? त्यापेक्षा घर बिल्डरला देऊन टाकू."

"म्हणजे अख्खं घर पाडलेलं चालेल, हातभर लाकूड कापलेलं नाही! धन्य आहे अण्णा तुमची," मंजिरी म्हणाली.

पिठलं-भात जेवलो. लाकूड कुठवर गेले आहे, तेवढे तरी पाहू द्या, असे मिस्त्रींनी विनवले. तुळईखाली लोखंडी टेकू लावून त्यांनी सिमेंट फोडायला घेतले. तळखड्याजवळ (खांबाखालच्या दगडाजवळ) नुसता भुगा निघाला. गुडघ्याच्या वर मात्र लाकूड खणखणीत होते. आणि कंबरेच्या उंचीवर, एकमेकांत बसवलेल्या दोन खाचा दिसल्या.

"काका, हा तर जुना जोड आहे. खालचा तुकडा मागाहून लावलाय," मिस्त्री म्हणाले.

अण्णा पुढे झाले. जोडाच्या वर तेल-हळदीचे काळपट थर होते. जोडाच्या खालीही होते. त्यांनी तळहात वरून खाली फिरवला, पुन्हा वर नेला.

"कापा," ते म्हणाले. "सिमेंट मात्र आता नको. आणि मंजिरी, नवा तुकडा बसला की पहिली हळद तू लाव."

मंजिरीने पदर डोळ्यांना लावला.

परतीच्या एसटीत त्या जोडाचाच विचार करत होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. ज्यांच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे घर उभे असते त्यांना सारे आयते मिळते, असे मला वाटत आले होते. तसे नसते. त्यांच्यातही कोणाला तरी सुतार बोलवावा लागतो, आणि छातीवर दगड ठेवून 'कापा' म्हणावे लागते. तो शब्द उच्चारला गेला तेव्हा त्या लोकांनी मला तिथे उभे राहू दिले, परके मानले नाही, याचे ऋण मोठे आहे.