विवरातले अकरा मासे

संशय घेण्यासारखं या जगात जे जे काही आहे, त्या सगळ्यावर आखातात, फरवानियात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी एकदा तरी संशय घेतलेला आहे. एसी दुरुस्त करण्यात हयात गेलेला हा वेंगुर्ल्याकडचा माणूस बायकोमुलांना गावी ठेवून वीस वर्षं एका खोलीत राहिला. कोंबडीवाल्याचा काटा, बसचा कंडक्टर, हवामानाची बातमी, मी केलेला चहा, यांतलं काहीही त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. नळाचं पाणी बादलीत दोन दिवस ठेवायचं, मग स्वतः घोटभर पिऊन बघायचं आणि तासाभरात आपल्याला काही झालं नाही, तरच ते माशांच्या टाकीत ओतायचं, असा त्यांचा नेम होता.

हे मासे त्यांना नव्वदच्या दशकाच्या शेवटी अहमदीच्या तेलकंपनीतल्या एका कॅमेरूनच्या इंजिनियरने देश सोडताना दिले होते. बोटभर लांबीचे, काळसर, दिसायला अगदीच सामान्य. त्यांच्या देशात ज्वालामुखीच्या विवरात पाणी साचून तळं झालंय, त्यात कोंडले गेलेले हे मासे जगात दुसरीकडे कुठेही नाहीत, आता काठचं जंगल तोडल्याने तळ्यात गाळ चाललाय आणि हेही संपतील, असं त्याने सांगितलं होतं. काकांनी आधी त्या तळ्यावरच संशय घेतला. तळाशी आग आणि वर पाणी, हा प्रकार त्यांना पटण्यासारखा नव्हता. पण मासे पटले. गाववाले भेटायला आले आणि टाकीपुढे जरा रेंगाळले, की हे तळून कसे लागतील याचाच विचार चाललाय असं काका धरून चालत. त्यांना सर्वांच्या देखत तसं विचारतही. स्वतः मात्र शुक्रवारी पापलेट तळताना टाकीवर चादर टाकत.

एकदा ते दोन महिन्यांच्या रजेवर गेले आणि नाइलाजाने किल्ली माझ्याकडे आली. मासे अकरा आहेत, हे त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. पंधरवड्यात एका मादीने खाणं सोडलं, तिचे गाल सुजले. ही आता जाते, या धास्तीने मला जेवण जाईना. मग एका सकाळी टाकीत तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं दिसली आणि मी निवांत झालो.

काका परतले ते खांद्यावरची बॅगही न उतरवता टाकीपुढे उभे राहिले. आणखी एक मादी गाल फुगवून बसली होती आणि कोपऱ्यात पहिली पिल्लं वाढत होती. काका हळूच माझ्याकडे वळले.

"मेल्या, खरा काय ता सांग. माझे मासे मेले नि तू बाजारातले आणून सोडलंस."

मी शपथा घेतल्या, पण त्यांचा माझ्यावर विश्वास बसेना. ते टाकीवर वाकले, त्यांची सावली पडली आणि त्या दुसऱ्या मादीने घाबरून तोंडातली चिमुकली पिल्लं बाहेर सोडली. क्षणभराने तिने तोंड उघडलं, तशी ती सगळी पुन्हा आत शिरली. या जातीच्या माद्या पिल्लं तोंडात सांभाळतात, असं त्या इंजिनियरने सांगितलं होतं ते काकांनी आज पहिल्यांदा पाहिलं आणि ते बॅगेवरच बसले. डोळे पुसले, पण माझी माफी वगैरे काही मागितली नाही. उठून चहा केला आणि मला साखर किती घालू, तेवढं विचारलं.

पुढे काही वर्षांनी ते कायमचे गावी गेले. टाकी कुणाला द्यावी यावर महिनाभर त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला आणि शेवटी ती माझ्या खोलीत आणून ठेवली. दर शुक्रवारी त्यांचा फोन यायचा आणि मासे किती, खातात का, पाणी कुठलं, याची उलटतपासणी व्हायची.

एका जुलैत दिवसभर वीज गेली. मी साइटवर होतो. संध्याकाळी येऊन पाहिलं तर पंप बंद, पाणी कढत आणि सगळे मासे वर आलेले. एकही वाचला नाही. मी ते इमारतीमागच्या वाळूत पुरले, आणि शुक्रवारी फोन आला तेव्हा सांगितलं, "मजेत आहेत, काका." आता आकडा विचारतील म्हणून मी श्वास रोखून थांबलो.

"तुझ्याकडे आसत म्हणजे माका काळजी नाय," एवढंच ते म्हणाले. मग आपल्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिले आणि मी रिकाम्या टाकीकडे बघत हो हो म्हणत राहिलो. त्या दिवशी त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता, तर बरं झालं असतं.