तोफूच्या अक्षरातलं मांस

मुलांनो, परवा व्हिडिओवर तुम्ही दोघांनी तोफूचं पाकीट माझ्यासमोर नाचवलंत आणि पोट धरून हसलात. आजीला तोफूत मांस दिसलं, ही गोष्ट तुमच्या आईने सांगितलेली दिसते. तिने ती अर्धीच सांगितली आहे. उरलेली मी लिहून पाठवते. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणजे हे तिलाच वाचून दाखवावं लागेल. तिने मध्ये काही गाळू नये.

तेव्हा तुमचा जन्म झाला नव्हता. तुमच्या बाबांना कंपनीने टोकियोला पाठवलं होतं आणि मी तिथल्या फुनाबोरी भागातल्या तुमच्या घरी राहायला गेले होते. मी मांस-मासे खात नाही, म्हणून बाबांनी मला आल्या आल्या एक अक्षर शिकवलं. खालून उघडी चौकट, आत एकाखाली एक दोन माणसं. याचा अर्थ मांस. हे दिसलं की पाकीट परत ठेवायचं. दुकानात मी चष्मा लावून प्रत्येक पाकीट बघे, आणि तुमची आई माझी ओळख नसल्यासारखी पुढे जाऊन उभी राही.

घरी ती वरचेवर पालक पनीर करायची. पनीर गिळगिळीत, बेचव. मी विचारलं, "इथलं पनीर असंच असतं का गं?"

"हो आई, इथलं असंच."

तिथे प्लास्टिकचा कचरा धुऊन वेगळा द्यावा लागतो. ते काम माझ्याकडे होतं. एकदा आदल्या दिवशीच्या पनीरची डबी धुताना वरच्या कागदावर एका मोठ्या अक्षराच्या पोटात तीच चौकट दिसली, तीच दोन माणसं. तुमच्या आईच्या मैत्रिणी चहाला आल्या होत्या. मी डबी त्यांच्यासमोर ठेवली.

"यात मांस आहे."

"अहो आई, मांस नाही, ते 'कुजलेलं' आहे. कुजलेलं कडधान्य, म्हणजे तोफू."

"म्हणजे काल मी कुजलेलं खाल्लं?"

"काकू, चवीवरून कळलं नाही का?" एक मैत्रीण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

संध्याकाळी बाबांनी शब्दकोश काढला. तोफू हा शब्द दोन अक्षरांत लिहितात. पहिलं अक्षर मुळात नैवेद्याच्या उंच बैठकीच्या भांड्याचं चित्र. उच्चार जुळला म्हणून ते कडधान्याला दिलं. दुसऱ्यात वर कोठार, ते उच्चारापुरतं, आणि खाली मांस. मांस कुजतं, त्यावरून कुजणं.

"आई, तू वाचलंस ते बरोबर," बाबा म्हणाले. "पण तोफू सोयाबीनचाच असतो."

"मग झालं तर," तुमची आई म्हणाली. "एवढं काय त्यात?"

अक्षरात मांस होतं, पदार्थात नव्हतं, याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार 'पनीर' या शब्दाची आहे. सरळ विचारल्यावरही ज्या घरात पदार्थाचं खरं नाव सांगत नाहीत, तिथे उद्या खरोखर मांस वाढलं तर मला कसं कळणार? मी दुसऱ्या दिवसापासून माझा कुकर वेगळा लावला. "कटकट नको म्हणून पनीर म्हटलं," एवढंच ती बोलली.

तोवर मी तिला 'तू' म्हणत होते. तेव्हापासून 'तुम्ही' म्हणते. आजही 'तुम्ही'च म्हणते.